मीटरवाचन, बिनतारी

घरोघरी बसविलेल्या पाणी, इंधन वायू, वीज वा उष्णता यांच्या मीटरांवरील आकडा मीटरपाशी न जाता रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दूर अंतरावर मिळविण्याच्या पद्धतीस बिनतारी मीटरवाचन म्हणतात. हा दूरमापनाचाच एक प्रकार आहे [⟶ दूरमापन]. मात्र अग्निबाण, धरण किंवा रासायनिक कारखाना यांच्या दूरमापनात थोड्या पण महत्त्वाच्या जागी महागडी उपकरणे बसवून सतत माहिती घेतली जाते, तर येथे स्थिती नेमकी उलट असते. वाचावयाच्या जागा लाखो, प्रत्येक जागेची माहिती जेमतेम आठ-दहा अंकांची आणि त्या एका वाचनाचे पैशातील मोलही फार थोडे. त्यामुळे उपकरण स्वस्त असावे, ते खड्ड्यात वा जिन्याखाली पडून राहिले तरी दहा-पंधरा वर्षे त्यास हात लावावा लागू नये आणि तरीही त्याने दिलेला आकडा बिलाच्या वादात टिकावा, अशा तीन गोष्टी एकदम साधाव्या लागतात. या शाखेतील बहुतेक सर्व तांत्रिक निर्णय या तिहेरी अटीतून निघालेले आहेत.

गरज : मीटर वाचणारा माणूस महिन्यातून वा दोन महिन्यांतून एकदा येतो. घर बंद असले, मीटरच्या पेटीत पाणी साचले असले किंवा दारात कुत्रा असला, तर वाचन होत नाही व मागील वापराच्या सरासरीवरून बिल आकारले जाते. पुढे प्रत्यक्ष वाचन झाले की, राहिलेला फरक एकदम अंगावर येतो. जेथे वापर वाढेल तसा दर चढत जातो तेथे हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. साचलेला वापर महिन्यांवर वाटून न देता एकाच महिन्यात दाखविला, तर तो वरच्या दराच्या टप्प्यात जातो व ग्राहकास न वापरलेल्या दराने पैसे भरावे लागतात. आकडा पाहून लिहिताना व लिहिलेला पुन्हा नोंदविताना होणाऱ्या चुका वेगळ्याच. महाराष्ट्रात वीजबिलावर मीटरचे छायाचित्र छापण्याची पद्धत याच तक्रारींतून आली. त्या छायाचित्राने निदान आकड्याचा वाद ग्राहकाला घरबसल्या तपासता येऊ लागला. पण छायाचित्र घेण्यासाठी माणूस मीटरपर्यंत पोहोचावाच लागतो.

इतिहास : दूरवाचनाचे पहिले व्यापारी प्रयत्न तारेचे होते. ग्रीक-अमेरिकन संशोधक थीओडोर पॅरास्केवाकोस यांना संवेदकांवरील माहिती टेलिफोनच्या तारांमधून आपोआप पाठविण्याच्या योजनेबद्दल १९७४ मध्ये अमेरिकेत एकस्व (पेटंट) मिळाले व १९७७ मध्ये त्यांनी मेट्रेटेक ही कंपनी स्थापन केली. टेलिफोनची जोडणी प्रत्येक मीटरपर्यंत नेणे खर्चाचे असल्याने १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत मीटरलाच छोटा रेडिओ प्रेषक जोडण्याची कल्पना रुजली. यूरोपात निकड निराळी होती. जर्मनीत १९८१ पासून मध्यवर्ती तापनव्यवस्थेचा खर्च प्रत्येक घराच्या वापराप्रमाणे वाटणे बंधनकारक झाले. तेव्हा वर्षातून एकदा प्रत्येक घराच्या प्रत्येक खोलीतील तापकावरचे मापक वाचणे भाग पडले. पाडरबोर्न विद्यापीठातील होर्स्ट त्सीग्लर यांनी उद्योगसंस्थांच्या सहकार्याने अशा मापकांसाठी ‘एम-बस’ ही दोन तारांची संदेशप्रणाली विकसित केली. तिचेच बिनतारी रूप पुढे यूरोपीय मानक ईएन १३७५७-४ मध्ये आले. ते आज यूरोपात फार मोठ्या प्रमाणावर वापरात आहे.

विजेच्या मीटरांची वाट थोडी वेगळी आहे. त्यांच्यापर्यंत तार आलेलीच असते. इटलीत २००१ नंतरच्या काही वर्षांत सु. ३ कोटी वीज मीटर बदलण्यात आले, तेव्हा मीटरपासून रोहित्रापर्यंतचा संदेश विजेच्या तारेतूनच पाठविण्यात आला व पुढील प्रवासासाठीच भ्रमणध्वनीचे जाळे वापरण्यात आले. पाणी व वायू यांच्या मीटरांना ही सोय नाही. म्हणून बिनतारी वाचनाचे खरे प्रश्न या दोन मीटरांतच दिसून येतात व पुढील विवेचन मुख्यत्वे त्यांना धरून केले आहे.

आकड्याचे विद्युत् संकेतात रूपांतर : रेडिओ भागाविषयी पुष्कळ बोलले जाते, परंतु बिलाचा खरेखोटेपणा बहुधा त्याच्या अगोदरच ठरून जातो. नेहमीच्या पाण्याच्या मीटरमध्ये प्रवाहामुळे पंखा फिरतो व त्याची गती दंतचक्रांमार्फत आकड्यांच्या चाकांना मिळते. यांपैकी एका चाकावर लहान चुंबक बसवून त्याच्याजवळ काचनळीत बंद केलेला पत्ती-स्विच ठेवला की, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास पत्त्या एकदा जुळतात व एक स्पंद मिळतो. घरगुती वायू मीटरमध्ये असा एक स्पंद सामान्यतः १० लिटरचा धरलेला असतो. हे स्पंद मोजून बेरीज ठेवणे हे सूक्ष्म नियंत्रकाचे काम.

पद्धत स्वस्त आहे, पण तिच्यात एक मूळचा दोष आहे. बसविताना मीटरवर असलेला आकडा तंत्रज्ञाने हाताने भरावा लागतो व त्यानंतर इलेक्ट्रॉनीय बेरीज आणि चाकांवरचा आकडा या दोन स्वतंत्र हिशेबवह्या होतात. एखादा स्पंद निसटला, पत्ती थरथरून एकाऐवजी दोन स्पंद गेले किंवा नळातील दाब मागेपुढे होऊन चुंबक स्विचच्या सीमेवरच डोलत राहिला की, दोन्ही वह्या जुळेनाशा होतात. बाहेरून मोठा चुंबक लावून पत्ती बंदच ठेवण्याची युक्तीही लोकांना चटकन सुचते. यावर उपाय म्हणून दोन स्विच बसवून फिरण्याची दिशा ओळखतात. काही मीटरांत चुंबक न वापरता निम्म्या भागावर धातूचा थर असलेली चकती व तिच्यासमोर तारेची लहान वेटोळी ठेवतात. धातू समोर आला की वेटोळ्यातील आंदोलने लवकर शमतात व त्यावरून फेरे मोजले जातात. सर्वांत विश्वसनीय उपाय म्हणजे स्पंद न मोजता आकड्यांच्या चाकांची स्थितीच प्रकाशाच्या वा विद्युत् स्पर्शकांच्या साहाय्याने वाचणे. अशा मीटरमध्ये चाकांवरचा आकडा हाच एकमेव हिशेब असतो व रेडिओने आलेला आकडा त्याच्याशी केव्हाही ताडून पाहता येतो.

श्राव्यातीत तरंगांवर चालणाऱ्या मीटरांत फिरणारा भागच नसतो. प्रवाहाच्या दिशेने व विरुद्ध दिशेने जाणाऱ्या तरंगांना लागणाऱ्या वेळांतील फरकावरून प्रवाहाची गती काढतात. हे मीटर अचूक व टिकाऊ असतात. मात्र त्यांच्या काचेवरचा आकडा आणि रेडिओने गेलेला आकडा एकाच स्मृतीतून आलेले असतात. दोन्ही सारखे आहेत एवढ्यावरून मापन बरोबर आहे असे ठरत नाही. ते केवळ प्रयोगशाळेतील कसोटीने वा दुसरा मीटर जोडूनच ठरते.

ऊर्जेचा हिशेब : पाणी व वायू मीटरांना विद्युत् घटावर अवलंबून राहावे लागते. यासाठी लिथियम-थायोनिल क्लोराइड घट वापरतात. त्याचा विद्युत् दाब ३.६ व्होल्ट असून न वापरता ठेवला असता तो वर्षाला एक टक्क्याहूनही कमी उतरतो. या घटातील लिथियमावर न वापरण्याच्या काळात क्लोराइडाचा पातळ थर बसतो; तोच घटाला दीर्घायुषी करतो. परंतु एकदम मोठा प्रवाह मागितल्यास तोच थर आड येतो व दाब क्षणभर कोसळतो. म्हणून घटाच्या जोडीला धारित्र ठेवून प्रेषणाच्या क्षणी लागणारा प्रवाह त्यातून घेतात.

हाताच्या करंगळीएवढ्या अशा घटाची धारणशक्ती सु. २.४ अँपिअर-तास असते. हा घट दहा वर्षे, म्हणजे ८७,६०० तास पुरवावयाचा, तर सरासरी प्रवाह २७ मायक्रोअँपिअरपेक्षा अधिक असून चालत नाही. याच्या उलट रेडिओ ग्राही चालू ठेवण्यास सु. १५ मिलिअँपिअर लागतात. म्हणजे मीटरने आज्ञेची वाट पाहत सतत कान उघडे ठेवले, तर तोच घट सात दिवसही पुरणार नाही. यावरून ‘दूरवरून विचारावे आणि मीटरने उत्तर द्यावे’ ही वरवर सर्वांत सरळ वाटणारी पद्धत घटावरच्या मीटरला का परवडत नाही, ते ध्यानात येते. बहुतेक मीटर म्हणून झोपलेले असतात. ठराविक काळाने स्वतःच जागे होऊन आपला आकडा बोलतात व पुन्हा झोपतात. ज्यांना आज्ञा घेता यावी अशी इच्छा असते, ते मीटर बोलून झाल्यावर काही मिलिसेकंदच ऐकतात. आज्ञा देणाऱ्याने ती फट साधावयाची असते.

संदेश किती वेळाने पाठवावा हाही घटाचाच प्रश्न आहे. बिनतारी एम-बसच्या नेहमीच्या प्रकारात ४० बाइटांचा संदेश जाण्यास सु. ५ मिलिसेकंद लागतात. त्या वेळी प्रवाह ३५ मिलिअँपिअर धरला व संदेश दर १६ सेकंदांनी पाठविला, तर त्याचा सरासरी भार ११ मायक्रोअँपिअर होतो, तो परवडतो. दर २ सेकंदांनी पाठविल्यास तोच घट जेमतेम तीन वर्षे चालेल. दुसऱ्या टोकाला, सेकंदाला काही शे बिट इतक्या संथ गतीने पण कित्येक किलोमीटर जाणाऱ्या पद्धती आहेत. त्यांत एका संदेशाला सेकंदभर वेळ लागतो. असा सेकंदभराचा संदेश ४० मिलिअँपिअर घेऊन तासाला एकदाच पाठविला तरी सरासरी भार पुन्हा ११ मायक्रोअँपिअरच्या घरात येतो. गल्लीतून जाणाऱ्या गाडीसाठी सतत पुटपुटणारा मीटर आणि दूरच्या मनोऱ्याला तासातून एकदा हाक मारणारा मीटर यांचा ऊर्जेचा खर्च असा सारखाच पडतो.

कंप्रता : (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या). परवान्याविना वापरता येणाऱ्या पट्ट्यांपैकी यूरोपात ८६८ व १६९ मेगॅहर्ट्‌झ, अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगॅहर्ट्‌झ आणि भारतात ८६५ ते ८६८ मेगॅहर्ट्‌झ हे पट्टे मीटरवाचनासाठी महत्त्वाचे आहेत. कंप्रता जितकी कमी तितका तरंग भिंती, जमीन व ओलावा यांतून अधिक सहजपणे पार होतो. १६९ मेगॅहर्ट्‌झ तरंगाची लांबी सु. १.८ मी., तर ८६८ मेगॅहर्ट्‌झची ३५ सेंमी. असते. सारख्याच प्रकारचे आकाशक (अँटेना) व सारखीच शक्ती असता मोकळ्या जागेत ठराविक अंतरावर पहिल्याची ग्रहण केलेली शक्ती दुसऱ्याच्या सु. २६ पट भरते. फ्रान्समध्ये सु. १.१ कोटी वायू मीटरांसाठी १६९ मेगॅहर्ट्‌झचा पट्टा निवडला गेला तो यामुळेच. हे मीटर दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी सेकंदाहूनही कमी काळ प्रेषण करतात. मात्र तरंगलांबी मोठी म्हणजे आकाशकही मोठा हवा, व मीटरच्या डबीत तेवढी जागा नसते. तो आखूड केला की, मिळालेल्या लाभाचा काही भाग परत जातो.

पाण्याच्या मीटरची जागा तर रेडिओच्या दृष्टीने सर्वांत वाईट. जमिनीखालचा खड्डा, त्यावर बिडाचे झाकण आणि पावसाळ्यात खड्ड्यात साचलेले पाणी यांतून तरंग बाहेर पडणे कठीण असते. अशा वेळी झाकण प्लॅस्टिकाचे करणे किंवा झाकणाला भोक पाडून आकाशक वर आणणे हे उपाय कोणत्याही सुधारित प्रेषकापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

संदेशांची टक्कर : एकाच पट्ट्यात शेकडो मीटर कोणाचीही परवानगी न घेता बोलत असल्यामुळे दोन संदेश एकाच वेळी येऊन दोन्ही वाया जाणे अटळ असते. हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रमसन यांनी १९७१ मध्ये कार्यान्वित केलेल्या ‘अलोहा’ या रेडिओ जाळ्यात हीच परिस्थिती होती व तिचे गणित तेव्हाच मांडले गेले. ते लावल्यास असे दिसते की, दर १६ सेकंदांनी ५ मिलिसेकंद बोलणारे २०० मीटर ग्राहीच्या टप्प्यात असता सु. ८८ टक्के संदेश सुखरूप पोहोचतात. मीटर १,००० झाले की, हे प्रमाण सु. ५४ टक्क्यांवर येते. दोन मीटरांचे ठेके योगायोगाने जुळले, तर ते दर खेपेस एकमेकांवर आदळत राहतील, म्हणून प्रत्येक मीटर आपले मध्यंतर मुद्दाम थोडे कमीजास्त करतो.

ही हानी ऐकण्यास मोठी वाटली तरी बिलाला तिची झळ लागत नाही. मीटर दर वेळी ‘आता इतके वापरले’ असे न सांगता ‘आजवर एकूण इतके झाले’ असे सांगतो. एखादा संदेश बुडाला तर पुढचा संदेश त्याची उणीव आपोआप भरून काढतो. ज्या प्रारंभीच्या योजनांत केवळ वाढीव वापर पाठविला जाई, त्यांत बुडालेला प्रत्येक संदेश म्हणजे बुडालेले पाणी होते.

ग्रहणाच्या पद्धती : (१) हातातील ग्राही घेऊन चालत जाणे, (२) गाडीत ग्राही ठेवून गल्ल्यांतून फिरणे, (३) खांबावर वा गच्चीवर कायमचे संकलक बसविणे, (४) एका मीटरने शेजारच्या मीटरचा संदेश पुढे ढकलणे (जाळी पद्धत) आणि (५) प्रत्येक मीटरने थेट भ्रमणध्वनीच्या जाळ्यास जोडून घेणे, या प्रमुख पद्धती होत. पहिल्या दोहोंत वाचन महिन्यातून एकदाच मिळते, पण दार ठोठवावे लागत नाही. जाळी पद्धत सदैव जागे राहू शकणाऱ्या वीज मीटरांना शोभते. ब्रिटनमध्ये वायू मीटर दर अर्ध्या तासाला जागा होऊन आपला आकडा वीज मीटरजवळ बसविलेल्या संदेशपेटीकडे ठेव म्हणून देतो व पेटी तो पुढे पाठविते. घट असलेल्या गरीब उपकरणाने वीज असलेल्या शेजाऱ्याचा आधार घेण्याचा हा चांगला नमुना आहे. भ्रमणध्वनीच्या पद्धतीत स्वतःचे जाळे उभारावे लागत नाही, पण मीटरचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे आणि भ्रमणध्वनीच्या पिढ्या त्याहून अल्पायुषी, ही अडचण तिच्यात आहे. ब्रिटनमधील कंपन्यांनी दुसऱ्या पिढीची सेवा २०३३ पर्यंत बंद करण्याचे ठरविल्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेल्या संदेशपेट्या मीटर चांगले असतानाही बदलाव्या लागणार आहेत.

उपयोग व मर्यादा : महिन्यातून एक आकडा आला तर त्यातून बिल होते, तासाला एक आकडा आला तर त्यातून घरातील नळांची प्रकृती कळते. चोवीस तासांत एकदाही वापर शून्यावर आला नाही, तर बहुधा कोठेतरी गळती असते. तासाला एक लिटर झिरपणारा संडासातील टाकीचा पडदा दिवसाला २४ लिटर पाणी वाया घालवितो व तो कोणाच्या लक्षातही येत नाही. एखाद्या वस्तीतील सर्व घरांच्या रात्रीच्या वापराची बेरीज मुख्य नळावरील मीटरशी ताडून रस्त्याखालील गळतीही शोधता येते.

जे मीटरला मोजता येत नाही ते रेडिओलाही सांगता येत नाही, ही मर्यादा मात्र विसरली जाते. भारतातील बहुसंख्य शहरांत पाणी ठराविक वेळच येते. पाणी सुटण्यापूर्वी नळातील हवा जोराने बाहेर पडते व मीटरचा पंखा तिच्यानेही फिरतो. उलट, गच्चीवरील टाकी भरत आल्यावर तरंगत्या गोळ्याच्या झडपेतून पाणी इतके हळू येते की पंखा हलतच नाही. हे दोन्ही दोष बिनतारी यंत्रणा दहा अंकांपर्यंत बिनचूक पोहोचविते. सातारा जिल्ह्यात कराडजवळील मलकापूर येथे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस घरोघरी दूरवाचनाचे मीटर बसविण्यात आले, ते चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या व वापरागणिक चढत्या दराच्या योजनेचा भाग म्हणून. नळात सतत दाब राहिल्यामुळे तेथे हवेचा प्रश्न मुळातच उरला नाही. पुण्यातही महानगरपालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत असे मीटर बसविण्यात येत आहेत. मुंबई-पुण्याकडील जुन्या इमारतींत एकाच घरात स्वयंपाकघर, न्हाणीघर व संडास यांना गच्चीवरून वेगवेगळे नळ उतरलेले असतात. घराचे पाणी मोजावयाचे तर तीन-चार मीटर, तेही घराच्या आतच बसवावे लागतात. बिनतारी वाचनाविना ही गोष्ट व्यवहारात आणणे जवळजवळ अशक्यच होते.

गुप्तता व खाजगीपणा : अमेरिकेतील एका बहुप्रचलित प्रकारात मीटरचा संदेश अवघ्या ९६ बिटांचा असून तो सु. ३ मिलिसेकंदांत जातो. त्यात मीटरचा क्रमांक, प्रकार, छेडछाडीची खूण, एकूण वापर व चूक ओळखण्यासाठीचे तपासणी अंक एवढेच असते. तो कोणत्याही सांकेतिक लिपीत नसल्याने साध्या ग्राहीने कोणासही ऐकता येतो. २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने, ज्यात ईश्तियाक रौफ हे प्रमुख होते, असे संदेश दुरून ऐकून कोणते घर रिकामे आहे हे ओळखता येते, इतकेच नव्हे तर खोटा आकडा पाठवून वाचन करणाऱ्या ग्राहीला फसविताही येते, हे प्रयोगाने दाखविले. यूरोपीय मानकात १२८ बिटांच्या गुप्त कळीने संदेश कुलूपबंद करण्याची तरतूद आहे. जुनाच संदेश ध्वनिमुद्रित करून पुन्हा वाजविता येऊ नये म्हणून प्रत्येक संदेशास चढता क्रमांकही देतात. येथे एक विरोधाभास उत्पन्न होतो. ग्राहकाचे रक्षण करणारी कळ कंपनीपाशी असते आणि ग्राहकाला ती मागून घेतल्याखेरीज स्वतःच्याच मीटरचे बोलणे समजत नाही.

चोरून ऐकणाऱ्यापेक्षाही, ज्यास ऐकण्याचा अधिकार आहे त्याने किती ऐकावे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जॉर्ज हार्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात घराच्या एकूण विद्युत् भारातील चढउतारांवरून कोणते उपकरण केव्हा चालू झाले हे ओळखण्याची रीत शोधून काढली आणि १९८९ मध्ये स्वतःच तिच्यातून घरावर पाळत ठेवली जाण्याचा धोका दाखवून दिला. आपल्या शोधाचा असा दुसरा बाजूचा हिशेब शोधकानेच मांडल्याची उदाहरणे थोडी आहेत. नेदर्लंड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये असे मीटर सक्तीचे करण्याचा कायदा मुख्यत्वे याच कारणास्तव अडविला; पुढे सक्ती वगळून तो संमत झाला. अमेरिकेतील नेपरव्हिल शहराच्या प्रकरणात २०१८ मध्ये तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने दर १५ मिनिटांचे वाचन ही राज्यघटनेच्या दृष्टीने घराची ‘झडती’च होय, असे मानले, मात्र वीजपुरवठ्याच्या कारणासाठी ती वाजवी ठरविली. मीटर केवळ आकडे ठेवणारा कारकून राहतो की घरातला साक्षीदार होतो, हे त्यातील प्रेषकापेक्षा वाचनांमधील कालांतर ठरविते. अर्ध्या तासाचे आकडे मीटरच्या स्मृतीत ठेवून कंपनीस केवळ महिन्याची बेरीज पाठविणे तांत्रिक दृष्ट्या सहज शक्य आहे. तसे करावे की नाही, हा धोरणाचा प्रश्न होय.

भारतातील स्थिती : स्मार्ट वीज मीटरांसाठी भारतीय मानक आयएस १६४४४ हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये केंद्र शासनाने मान्य केलेल्या वितरणक्षेत्र सुधारणा योजनेत २५ कोटी पूर्वदेय (अगोदर पैसे भरावयाचे) स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यासाठी भ्रमणध्वनीचे जाळे व ८६५ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासची जाळी पद्धत, ही दोन्ही वापरात आहेत. शहरी इमारतींत सर्व घरांचे वीज मीटर तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत एकत्र असतात. त्यामुळे एका संकलकाने पन्नास-शंभर मीटर वाचता येतात. पण ती खोली जिन्याखाली वा तळघरात असल्यास तेथून बाहेर संदेश नेणे हेच काम अवघड होते.

पूर्वदेय मीटरात बिनतारी दुवा केवळ वाचनाचा राहत नाही, दुरून वीज तोडण्याचाही होतो. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ग्राहक संघटनांनी या मीटरांना विरोध केला व सामान्य घरगुती ग्राहकांकडे पूर्वदेय मीटर बसविले जाणार नाहीत, असे राज्य शासनातर्फे त्याच वर्षी जाहीर करण्यात आले. त्यानंतर मागाहून बिल येणारे स्मार्ट मीटर बसविण्यात येऊ लागले. स्मार्ट मीटरचे वाचन दिवसातून किमान एकदा दुरून घ्यावे, अशी तरतूद वीज ग्राहकांच्या अधिकारांसंबंधीच्या केंद्रीय नियमांत २०२३ च्या दुरुस्तीने आली. २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार ग्राहकाने केल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर जोडून किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून पाहावयाचे असतात. हे दोन्ही आकडे ग्राहकालाही मीटरवर समोरासमोर पाहता येतात.